सागाचं बूच

उस्ताद, फार उशिरा लिहितो आहे, माफ करा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला ओळखणारं माणूस आता आलापल्लीत माझ्याशिवाय एकही उरलं नाही, आणि मी तरी किती दिवस आहे कोण जाणे. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही तुम्ही चारचौघांत दहादा सांगितलेलं, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर हसा, तुमची सवयच होती ती. हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही. सकाळपासून त्याचीच काळजी लागली आहे, जसं काही पत्ता सापडला की पोस्टमन ते घेऊनच जाणार आहे. काळजी करायला मला आता काहीही पुरतं. गॅस बंद केला का, दाराची कडी लागली का, गोळी गिळली की नुसतीच हातात धरून बसलो होतो. सून म्हणते, "बाबा, तुमचं डोस्कं सदा रेसमंदीच राह्यते." तुम्ही असता तर म्हणाला असता, गव्हर्नर बिघडला याचा, वेग आवरत नाही, बदलून टाका.

रेशनकार्ड शोधता शोधता पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ते बूच सापडलं. सागाचं, मुठीएवढं, वर धरायला कोरलेली कडा, खाली चामड्याची पट्टी. पट्टी वाळून कडक झाली आहे, पण नाकाशी नेलं तर डिझेलचा वास अजून येतो, की मलाच तो येतो, सांगता येत नाही. सुनेच्या हातात दिलं तर ती म्हणाली, "हे काय, वरवंट्याचं आहे का काही?" तुम्हाला मात्र लगेच ओळख पटेल. तुमची सगळी अक्कल या एवढ्याशा लाकडात मावली होती, असं मी साठ वर्षं लोकांना सांगत आलो आहे, आणि लोक पोट धरून हसत आले आहेत.

आधी खरं ते सांगून टाकतो. तुम्ही मेलात तेव्हा मला वाईट वाटलं नाही. कुरखेड्याकडच्या एका धानगिरणीत तुम्ही इंजिन सांभाळायला होता आणि तिथेच तापाने गेलात, ही बातमी एका लाकडाच्या लॉरीवाल्याने मला दिली, तेव्हा मी एका जीपखाली पाठीवर पडलो होतो. मी "हं" म्हणालो आणि नट फिरवत राहिलो. तुमच्याइतका स्वतःवर खूश माणूस मी जन्मात पाहिला नाही. भर वैशाखात तुम्ही गळ्याला मफलर गुंडाळायचात, कारण नागपूरच्या कोण्या मोठ्या मिस्त्रीच्या गळ्यात तुम्ही तसा पाहिला होता. घाम मफलरमध्ये मुरायचा आणि तुम्ही शेजारी वाकलात की आंबट वास यायचा. गाडी दुरुस्त झाली की तुमच्या हाताने झाली, बिघडली की माझ्या पायाने बिघडली. मी शेठच्या मोटारीचा ड्रायव्हर, सव्वीस वर्षांचा, घरी बायको आणि पाळण्यात लेकरू, आणि तुम्ही मला शेठच्या लाकूड कापायच्या आरामशीनवरच्या हमालांसमोर "तिसरी नापास" म्हणून हाक मारायचात. मी तिसरी पास होतो. हे मी तेव्हा कधी बोललो नाही, म्हणून आता लिहून ठेवतो. तिसरी पास.

शिकवलंत म्हणायचं तर तेही खोटं. नोझल उघडायची वेळ आली की "जाय बे, बिडी आण." पंपाचं टायमिंग बसवायचं की "जाय, विहिरीचं पानी आण, थंडं आण." मी बिडी धावत आणायचो, धावत पाणी आणायचो आणि दाराआडून तुमच्या कोपराखालून जेवढं दिसेल तेवढं पाहून घ्यायचो. असं कोपराखालून पाहत मी अर्धा मिस्त्री झालो. एकच गोष्ट तुम्ही मला समोर बसवून शिकवलीत, आणि तीसुद्धा माझ्या घरच्या स्वयंपाकखोलीत, मोहाच्या दिवसांत, तुम्हाला जेवायला बोलावलं होतं तेव्हा. बायको चुलीपाशी फुंकणी घेऊन बसली आहे, लाकूड ओलं आहे, डोळ्यांतून पाणी वाहतं आहे. तुम्ही पाटावर मांडी घालून, मफलरसकट. "थांबा बाई," तुम्ही म्हणता, "फुकू नोका. पाह्य बे, हा पांढरा धूर. म्हंजे लाकूड हाये, पन पेटून नाई राह्यलं. आता बाई, तो राकेलचा बोळा टाका त्यात अन् तोंड झाका चुल्हीचं." बायकोने तसं केलं तर काळाकुट्ट धूर उठला आणि भाकरी काळी पडली. "हा काळा. खायाले लय, हवा कमी. इंजिनाचं असंच हाय." मग तुम्ही चिमट्याने सगळी लाकडं बाहेर ओढलीत, माझ्या बायकोच्या चुलीतली, अर्धी भाकरी तव्यावर असताना, आणि म्हणालात, "आता? धूर बी नाई अन् आग बी नाई. असं झालं तं इंजिनाले शिव्या नोको देऊ. तं पाह्य, चुल्हीत लाकूड कोन टाकून नाई राह्यलं." बायको तोंडाला पदर लावून हसली. मी हसलो नाही. मी ते डोक्यात ठेवलं. तुम्ही मात्र स्वतःच विसरलात, हाच तर सगळा तमाशा आहे.

शेठची ती मोटार तुम्हाला आठवत असेलच, तुमच्या कर्तबगारीचं प्रदर्शनच होतं ते. मुळात पेट्रोलची, लांब नाकाची, शेठच्या बापाने घेतलेली. पेट्रोल चांद्याहून आणावं लागे आणि आरामशीनचं इंजिन डिझेलवर चाले, म्हणून डिझेलची पिंपं दारात कायम भरलेली. तेव्हा तुम्हाला सुचलं की घाटात उलटलेल्या एका छोट्या लॉरीचं डिझेल इंजिन या मोटारीत बसवावं. बसवलंत, हे मान्य. वजनाने पुढचे स्प्रिंगचे पाटे दबले, मोटार कायम काहीतरी हरवल्यासारखी खाली मान घालून चालायची, आवाज असा की अहेरीच्या बाजारातले बैल दोर तोडायचे, पण चालायची. शेठ तिच्यात बसून आष्टीच्या घाटावर जायचा, नावेवरून वैनगंगा ओलांडायचा आणि चांद्याला जाऊन सांगायचा की आमच्या मिस्त्रीने केलं. तुम्ही त्यावर वर्षभर जगलात.

मग त्या घाटावर टाकीचं टोपण गेलं. मोटार नावेवर चढवून डिझेल भरताना तुम्ही ते काढून मडगार्डवर ठेवलंत, नाव हलली, टोपण पाण्यात. तुमच्या हातून गेलं, पण तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की नावाड्यालासुद्धा वाटलं मीच टाकलं. परत आल्यावर तुम्ही बैलगाड्यांची चाकं करणाऱ्या सुताराकडून हे बूच करून घेतलंत. सागाच्या गाभ्याचं, खाली आरामशीनच्या जुन्या पट्ट्याचं चामडं. टाकी काठोकाठ भरून मला मैलभर खड्ड्याखड्ड्यांतून मोटार न्यायला लावली आणि परत आल्यावर टाकीखाली बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं. थेंब नाही. "विलायती टोपनाले भोक होतं," तुम्ही हमालांना सांगत होता, "सुईएवढं. भोकाचं टोपन विकतेत साले अन् आपन घेतो. माह्या बुचातून मुंगी बी श्वास नाई घेनार." हमाल माना डोलवत होते. मीही डोलवली. तेव्हा मला तरी कुठे कळत होतं.

आठ दिवसांनी मोटार पहिल्यांदा लांब निघाली आणि दम टाकायला लागली. निघताना चांगली, मग पाचसहा मैलांवर हळूहळू ओढ कमी, चढ आला की दुसऱ्या गिअरमध्येही रडणार, आणि शेवटी खोकून बंद. धूर नाही, खडखड नाही. तुम्ही आधी माझ्या पायाला दोष दिलात. मग डिझेलला, मग फिल्टर बदललं. हवेचं फिल्टर धुतलं. चाकं जॅकवर चढवून ब्रेक धरतात का पाहिलं. सायलेन्सर खोलून आतून गांधीलमाशांचं घरटं काढलंत, आणि ते तळहातावर घेऊन अर्धा दिवस मिरवलंत, आता मोटार उडन म्हणून. मोटार उडाली नाही. मग नोझल काढली, कागदावर फवारा मारून पाहिला, मला बिडी आणायला पाठवून. फवारा उत्तम. मग हेड खोललं, व्हॉल्व्ह घासले, चार दिवस. पुन्हा तेच. आणि प्रत्येक वेळी मोटार थांबली की तुमची एक ठरलेली आज्ञा: "डिझेल पाह्य बे." मी खाली उतरायचो, बूच काढायचो, बांबूची काडी टाकीत घालून ओली कुठवर होते ते तुम्हाला दाखवायचो, बूच ठोकून बसवायचो. तुम्ही तोवर बॉनेट उघडून काहीतरी हलवायचात. मग मोटार सुरू, आणि नव्या नवरीसारखी पळणार. "पाह्यलं?" तुम्ही म्हणायचात. "मी हात लावला की ऐकते." एकदा शेठ मागे बसला होता. तो म्हणाला, "मिस्त्री, मग तुले बॉनेटवरच बांधून ठेवू का?" तुम्हाला तो विनोदही कळला नाही. तुम्ही मफलर नीट केलात.

तुमच्या ध्यानात आलं नाही ते माझ्या आलं. टाकी भरलेली असली की मोटार चार मैलांतच बसते, आणि टाकी अर्धी रिकामी असली तर आठ-दहा मैल जाते. हे उलटं होतं, उस्ताद. मी दोन दिवस विचार केला आणि मग घाबरत घाबरत, बाजाराच्या दिवशी, चहाच्या टपरीपाशी तुम्हाला सांगितलं. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि आवाज चढवलात, आजूबाजूच्यांना ऐकू जावा म्हणून. "आयका जी आयका! तिसरी नापास डॉक्टर झाला! म्हनते, मोटार भरल्या पोटी झोपते! अबे, भरल्या पोटी तू झोपतं. टाकी धुवाचं काम तुह्यं, विचार कराचं माह्यं. समजलं का? टाकी धू." टपरीवर लोक इतके हसले की एकाच्या नाकातून चहा आला. माझ्या बायकोचा भाऊ तिथे उभा होता, तोही हसला. बायकोचा भाऊ हसला, हे मी अजून विसरलो नाही. तो मेला त्यालाही वीस वर्षं झाली.

त्यानंतर जंगलखात्याचे एक मोठे साहेब डेपो पाहायला आले. शेठने त्यांना बल्लारशा स्टेशनवरून आपल्या मोटारीत आणायचं ठरवलं, मोठेपणा. वाटभर बसत-उठत आलेली मोटार आलापल्लीच्या अलीकडे चढावर पुन्हा बसली. साहेब खाली उतरून रुमालाने मान पुसत उभे आहेत आणि शेजारून लाकडाच्या बैलगाड्या एकामागून एक पुढे जात आहेत. शेवटच्या गाडीवाल्याने बैल थांबवून विचारलं, "साहेब, बसता का जी?" आणि साहेब बसले. ओंडक्यांवर, पाय सोडून. शेठ मोटारीपाशीच उभा राहिला. त्याचं तोंड असं झालं होतं की मला आतून गुदगुल्या होत होत्या आणि भीतीही वाटत होती. दुसऱ्या दिवशी त्याने तुम्हाला सगळ्या आरामशीनसमोर बोलावलं. "मिस्त्री, इतवारपावतर मोटार सुधारली पायजे. नाई तं नागपूरचा मिस्त्री बोलावतो अन् तू आपलं बोचकं बांध." तुम्ही म्हणालात, "शेठ, इतवारी तुमाले चांद्यावरी नेऊन आनीन, बॉनेट नाई उघडनार." छाती काढून म्हणालात. मला तुमची ती छाती अजून दिसते.

ते झालं मंगळवारी. गुरुवारी मी एकटा मोटार घेऊन अहेरीला गेलो, टाकी काठोकाठ. चार मैलांवर नेहमीसारखी बसली. मी सवयीने बूच काढायला गेलो तर निघेना. आतून कोणी धरून ठेवल्यासारखं. दोन्ही हातांनी पिळून ओढलं तेव्हा निघालं, आणि निघताना लांब, बारीक आवाज झाला, सुस्स करून, बाहेर नाही, आत. टाकीने हवा आत ओढली. लगेच टाकीचा दबलेला पत्रा ठण करून बाहेर आला. तो ठण आवाज आपण कितीदा ऐकला होता, उस्ताद, आणि तुम्ही म्हणायचात रस्त्याचा गोटा लागला. मी रस्त्यावर बूच हातात घेऊन उभा आणि मला तुम्ही लाकडं ओढून रिकामी केलेली ती चूल दिसली. धूर नाही, आग नाही. इंजिन डिझेल ओढत होतं, पण टाकीत त्याच्या जागी हवा जायला वाटच नव्हती, तुमच्या अभिमानाच्या बुचाने सुईएवढीही ठेवली नव्हती. म्हणून भरली टाकी आधी अडायची, तिच्यात हवा मुळात थोडी. आणि प्रत्येक वेळी "डिझेल पाह्य" म्हणून तुम्हीच मला बूच काढायला लावून मोटारीला श्वास द्यायचात, आणि मग बॉनेटपाशी उभं राहून श्रेय घ्यायचात. मी हसलो. रस्त्यावर एकटा, मोठ्याने. त्यानंतर तसं हसू मला कधी आलं नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भात वेळत होती. "मंग जाऊन सांगून द्या नं जी त्यायले," ती म्हणाली.

"काऊन सांगू? त्यानं मले टाकी धुवाले सांगतली हाये. टाकी धुतो."

"त्यायची नोकरी जाईन."

"जाऊ दे."

"तुमाले त्यायनं गाडी शिकवली."

"मले बिडी आनाले शिकवली."

ती भाताची पेज खाली ओतत राहिली. शुक्रवारी तिने पुन्हा विचारलं, शनिवारी विचारलं नाही. मी दोन दिवस तुमच्या हाताखाली पाने-पकडी देत होतो. तुम्ही पंप खोलून बसला होता, तुमच्या कपाळावरून घाम त्याच्यात पडत होता, आणि मी तुम्हाला फडकं देत होतो. एकदा तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "कुठी असन बे हे?" असं विचारल्यासारखं तुम्ही माझ्याशी पहिल्यांदाच बोललात. मी म्हणालो, "मले काय समजते, उस्ताद. तिसरी नापास." तुम्ही पुढचा पाना मागितलात.

इतवारी टाकी तुम्ही स्वतः काठोकाठ भरलीत, डिझेल कमी पडलं असं कोणी म्हणू नये म्हणून. मी स्टिअरिंगवर, तुम्ही शेजारी, शेठ मागे. नाला ओलांडला, पुढचा चढ लागला आणि मोटार रडायला लागली. तुम्ही डोळे मिटून इंजिन ऐकत होता. बंद पडली. मी उतरायला दार उघडलं तर तुम्ही माझ्या दंडावर हात ठेवलात आणि म्हणालात, "तू बस." त्या दिवशी पहिल्यांदा टाकीपाशी तुम्ही स्वतः गेलात. मी समोरच्या आरशातून पाहत होतो. तुमचा मफलर दिसत होता, वाकलेली पाठ दिसत होती. बूच काढायला तुम्हाला बराच वेळ लागला. सुस्स आवाज तिथपर्यंत आला नाही, पण ठण आला. त्यानंतर तुम्ही सरळ उभे राहिलात आणि बराच वेळ हातातल्या बुचाकडे पाहत राहिलात. काडी घातली नाहीत. मग मान वर केलीत. आरशात आपली नजर भेटली का? मला नीट आठवत नाही. कधी वाटतं भेटली, कधी वाटतं मीच नंतर ते जोडलं. मी पटकन पुढे पाहायला लागलो, हे मात्र आठवतं.

तुम्ही खिडकीपाशी आलात. शेठने विचारलं, "काय?" तुम्ही म्हणालात, "नाई समजलं, शेठ. नागपूरचा बोलवा." बस, एवढंच. बॉनेटला हातसुद्धा लावला नाहीत. शेठही चकित झाला, तो शिव्या द्यायची तयारी करून बसला होता, त्या त्याच्या तोंडातच राहिल्या. मोटार सुरू झाली आणि आपण परत आलो. मी आतून इतका खूश होतो की प्रत्येक गिअर टाकताना त्याचे दात वाजवत आलो.

सोमवारी सकाळी तुम्ही चांद्याच्या मोटारबसने गेलात. पत्र्याची पेटी, वळकटी, मफलर. मी पोहोचवायला आलो, लोक काय म्हणतील म्हणून. बस सुटताना तुम्ही खिडकीतून तुमचा तो लांब पेचकस, स्क्रू पिळायचा, माझ्या हातात दिलात, सागाच्या मुठीचा, ज्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तुम्ही ऐकायचात. त्याला हात लावला म्हणून एकदा तुम्ही माझ्या बोटांवर पाना मारला होता. "घे," तुम्ही म्हणालात. "अन् गिअर टाकतानी त्याचे दात वाजवतं तू अजून. लाज वाटू दे." एवढाच तुमचा आशीर्वाद.

मी तडक आरामशीनवर आलो. भट्टीत तार तापवली, लाल होईपर्यंत, चिमट्यात धरली, मोटारीच्या मागे गेलो आणि बूच काढलं. बूच सहज निघालं. सुस्स झालं नाही. मी उलटं करून पाहिलं.

भोक पाडलेलं होतं. आरपार, सरळ, सुईपेक्षा किंचित मोठं, आणि त्याच्या कडा तापल्या तारेने काळ्या झालेल्या. त्या काळ्या कडांवर अजून बोट लावलं की काजळी यायची. मी तार हातात घेऊन तिथेच उभा राहिलो, ती निवून काळी पडेपर्यंत. मग शेठला हाक मारली. "शेठ, सापडलं!" शेठ आला, हमाल आले, तो चहावाला आला. मी बूच सूर्याकडे धरून भोकातून उजेड दाखवला आणि म्हणालो, हे मी पाडलं, आत्ता. मोटार चांद्याला गेली आणि आली. नागपूरचा मिस्त्री आला नाही. तुमची खोली, तुमची हत्यारं, तुमचं नाव, सगळं मला मिळालं. लोक मला उस्ताद म्हणायला लागले, आणि मी त्यांना तुमची गोष्ट सांगायला लागलो, ज्या माणसाने गांधीलमाशांचं घरटं काढलं, चार दिवस व्हॉल्व्ह घासले आणि बुचाला भोक पाडायचं ज्याला सुचलं नाही. दर वेळी हशा. मागच्या महिन्यात नातवाची जुनी डिझेल गाडी आष्टीच्या रस्त्यावर ओढेना, तेव्हासुद्धा मी खाली उतरून आधी टाकीचं टोपण उघडलं. नातू म्हणाला, "आबा, फिल्टर चोंदलं असन, टोपनाचं काय काढून राह्यले?" फिल्टरच निघालं. मी आयुष्यभर प्रत्येक गाडीचं आधी टोपणच उघडलं आहे, उस्ताद. मला दुसरं काही येतच नाही की काय, असं आता वाटतं.

तर भोक मी पाडलं नाही. बायकोला मी तेव्हा खोटं सांगितलं आणि ती ते खरं मानून गेली. कदाचित मानलंही नसेल, ती पेज ओतत होती तेव्हासारखीच गप्प राहिली होती. मला दोनच गोष्टी सुचतात आणि दोन्हींनी झोप येत नाही. एक, तुम्ही लाजलात. आपल्याच बुचाने आपली फजिती केली हे शेठसमोर आणि हमालांसमोर सांगण्यापेक्षा, नाई समजलं म्हणून निघून जाणं तुम्हाला सोपं वाटलं. तसं असेल तर मी तुम्हाला हसत आलो ते बरोबरच होतं, तुम्ही तेच होता, मफलर घातलेला गर्व. दुसरी अशी की आरशात तुम्ही माझं तोंड पाहिलंत, मला माहीत होतं हे ओळखलंत, आणि तरी जाताना भोक पाडून मोटार माझ्यासाठी ठेवून गेलात. तसली भीक मी तुमच्याकडे मागितली नव्हती. तसं असेल तर ते तुम्ही मला बसच्या खिडकीतून सांगायला हवं होतं, दात वाजवण्याचं सांगण्याऐवजी.

आता लिहिता लिहिता मी बुचाच्या भोकातून फुंकून पाहिलं. आधी हवा गेली नाही. काडीने कोरलं तेव्हा गेली. हे पत्र मी त्या बुचाबरोबर पेटीतच ठेवणार आहे, पत्ता नाहीच. फक्त या दोन्हींतलं कोणतं होतं ते कळवा. लवकर कळवा. मला आता जिना चढतानासुद्धा दम लागतो.